उलटा पोपट

माझे हात माझे नाहीत. म्हणजे जोडलेले मलाच आहेत, पण ते माझ्यापेक्षा बऱ्याच उंच माणसासाठी बनवले असावेत आणि डिलिव्हरीत काहीतरी गडबड झाली असावी. दुकानातला स्मॉल शर्ट मला खांद्यात बरोबर बसतो, पण बाह्या कोपराच्या जरा पुढे जाऊन विचार बदलतात. मीडियमच्या बाह्या मनगटापर्यंत पोहोचतात, पण मग आत अजून एका माणसाची सोय होते. लार्ज मी एकदाच घालून बघितला. ट्रायल रूमबाहेरून आईने विचारलं, "नकुल, आहेस ना आत?"

म्हणून मी ठरवलं, की शर्ट आपणच शिवायचा.

आमच्या घरात आजवर कुणी काही शिवलेलं नाही. आई, म्हणजे सुनीती, हॉस्पिटलमध्ये भूल देते. टाके घालणं हे दुसऱ्यांचं काम. बाबा, म्हणजे मोहन, ट्रेनच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर सांभाळतात आणि स्वतः गाडीने ऑफिसला जातात. माझी धाकटी बहीण सिया ए-लेव्हल्सचा, म्हणजे इंग्लंडमधल्या बारावीचा, अभ्यास करते, असं ती म्हणते. मी पार्किंग मशिनांच्या हेल्पलाइनवर आहे. लोकांना मशीनला ज्या शिव्या द्यायच्या असतात त्या मी मशीनच्या वतीने स्वीकारतो.

"दादा, तू शिवलेला शर्ट कोण घालणार?" सियाने विचारलं.

"मी."

"ओके. जस्ट चेकिंग."

शिलाई मशीन शेजारच्या पॉलीनने दिलं. ते तिच्या माळ्यावर पडून होतं. ती म्हणाली, वापर, फक्त केविन बाजूला असताना पायडल दाबू नकोस, तो घाबरतो. केविन हा तिचा लॅब्रडोर. लंडनच्या कडेच्या आमच्या या पिनरमध्ये त्याच्याहून शांत आणि त्याच्याहून रुंद छातीचं कुणी नाही.

पॅटर्न मी ऑनलाइन विकत घेतला. विकतचा पॅटर्न म्हणजे काय, तर शर्टाचे सगळे भाग कागदावर काढून दिलेले असतात. ती पानं प्रिंट करायची, एकमेकांना चिकटवायची, भाग कापायचे, कापडावर ठेवायचे आणि त्याबरहुकूम कापड कापायचं. कडेला छोटे छोटे त्रिकोण असतात. बाहीवरचा त्रिकोण खांद्यावरच्या त्रिकोणाला जुळला पाहिजे. सगळं आधीच ठरलेलं असतं, आपण फक्त होकार द्यायचा. आमच्या नात्यात बरीच लग्नं याच पद्धतीने झाली आहेत आणि बरी चालली आहेत.

प्रिंट बाबांनी काढून आणलं. पहिल्या पानावर एक चौकोन होता आणि खाली लिहिलं होतं, की हा चौकोन बरोबर पाच सेंटिमीटर भरला पाहिजे, नाहीतर पुढे जाऊ नका. मी मोजला. साडेतीन भरला.

"बाबा, हे लहान का आलंय?"

"एका कागदावर दोन पानं घेतली," बाबा म्हणाले. "एका शर्टासाठी एवढा गठ्ठा? झाडांचा काही विचार?"

मी विचार केला, दीड सेंटिमीटरने काय होतंय. आणि पुढे गेलो.

शर्ट झाला मात्र अप्रतिम. कॉलर ताठ, काजं जागच्या जागी, खिसा सरळ. फक्त तो ज्याला आला असता तो माणूस अजून प्रायमरी शाळेत होता. माझं सगळं कापड त्यात संपलं होतं. मी पुरावा म्हणून तो पॉलीनला दाखवायला नेला, आणि केविन उठून उभा राहिला. त्याला तो छातीत बसला, गळ्यात बसला, आणि हे मी नाइलाजाने सांगतो, बाह्यांतसुद्धा बसला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणालातरी बरोबर बाह्यांचा शर्ट घातलेलं बघत होतो आणि तो कुत्रा होता.

बाबांनी दुसरं प्रिंट काढलं, या वेळी पूर्ण आकाराचं. जाताना ते दारातल्या झाडाकडे बघत होते. आता कापड हवं होतं. बुधवारी मी घरून काम करत होतो. आईला फोन केला.

"आई, घरात कुठे कापड आहे का? जुनंपानं चालेल."

"वरच्या खोलीत बॅग आहे बघ. मी ऑपरेशनला आत चाललेय," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तिला म्हणायची होती कपाटावरची बॅग, ज्यात जुने पडदे आहेत. मला सापडली पलंगाखालची बॅग, ज्यात ब्लाउज पीस आहेत. खूप. पंचवीस-तीस. रेशमी, सुती, काठाचे, बिनकाठाचे, आणि प्रत्येकाला टाचणीने लावलेली एक छोटी चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव. केतकी. सुचेता. पल्लवी, हाउन्सलो. मला वाटलं, कापडाच्या कंपन्या असतील.

पॅटर्नच्या पत्रकात पहिलीच सूचना होती, की कापड इस्त्री करून घ्या आणि टाचण्या, लेबलं वगैरे आधी काढा. कुठलं कापड कशाबरोबर चांगलं दिसेल ते कळायला हवं, म्हणून मी सगळ्यांनाच इस्त्री केली. चिठ्ठ्या फेकल्या नाहीत. मी बेजबाबदार नाही. त्या मी एका वाटीत ठेवल्या, वर्णानुक्रमे.

संध्याकाळी आई घरी आली. डायनिंग टेबलवर कडक इस्त्रीचे पीस रचलेले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नकुल, चिठ्ठ्या?"

"वाटीत आहेत."

"कुठली कशाची ते?"

"ते नाही. पण वर्णानुक्रमे आहेत."

आई खुर्चीवर बसली. ती रोज अनोळखी माणसांना सांगते, की दहापासून उलटे आकडे मोजा. मला वाटतं तेव्हा ती स्वतः मोजत होती.

मग मला सगळं कळलं. आमच्या लोकांत ब्लाउज पीस शिवण्यासाठी नसतो, तो पुढे देण्यासाठी असतो. हळदीकुंकवाला गेलं, की ओटीत नारळ, तांदूळ आणि एक पीस मिळतो. तो आपण जपून ठेवतो आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत घालतो. ती तिसरीच्या घालते. केतकी काकूंच्या वास्तुशांतीचा पीस हाउन्सलोच्या डोहाळजेवणाला जातो, तिथून मँचेस्टरच्या मुंजीला, आणि कधीतरी परत पिनरला येतो. नोकरीनिमित्त फिरणाऱ्या माणसासारखा. यात नियम एकच आहे. जिने दिला, तिला तोच परत द्यायचा नाही. बाकी सगळं चालतं, फक्त कुणी ते बोलून दाखवत नाही. म्हणून चिठ्ठ्या.

"दिला तर काय होतं?" मी विचारलं.

"अनुराधाचं काय झालं?"

अनुराधा मावशी आईची हॉस्पिटलमधली जुनी मैत्रीण. पूर्वी आमच्याच गल्लीत राहायची. एका चैत्रात तिने सुचेता काकूंना चुकून त्यांचाच पीस दिला. सुचेता काकूंनी तो उलगडला, पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "किती ओळखीचा वाटतोय, नाही?" उन्हाळा संपायच्या आत अनुराधा मावशी दुसऱ्या गावाला, मिल्टन कीन्सला, राहायला गेली. नोकरी बदलली म्हणून, असं सांगतात.

"रविवारी सगळ्या येणार आहेत," आई म्हणाली. "सगळ्या, नकुल. अनुराधापण. किती वर्षांनी मी तिला तयार केलंय. आणि मी इतक्या वर्षांत एकीलाही तिचा तिला दिलेला नाही. एकीलाही."

रविवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं.

"बघून आठवणार नाही का, कुणी कुठला दिला ते?"

"मला पेशंट आठवतात. त्यांचे गाऊन नाही आठवत."

"मग नवीन आणू या," बाबा म्हणाले.

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते झाडांबद्दल काहीतरी पुटपुटले.

"विकत आणलेले? सगळे नवे? म्हणजे आपण दिलेले गेले कुठे, असं नाही का वाटणार?"

"कोण विचारणार आहे?"

"विचारणार नाहीत. बघतील."

सिया फोनमधून डोकं वर न काढता तिच्या इथे वाढलेल्या मराठीत म्हणाली, "त्यांनाच विचार ना, कोणी कोणता पीस दिली."

"असं कसं विचारायचं!" आई म्हणाली.

"विचारायचं नाही," मी म्हणालो. "त्यांनी आपणहून सांगायचं."

कल्पना माझी होती आणि ती मला आजही चांगली वाटते. प्रत्येक पिसाची एक पट्टी कापायची. सगळ्या पट्ट्या एकमेकींना जोडून मोठं कापड करायचं आणि त्या कापडाचा, पॅटर्नप्रमाणे, माझा शर्ट शिवायचा. रविवारी तो घालून मी पन्हं वाटत फिरायचं. बायकांचं कापडाकडे लक्ष जातंच. ज्या क्षणी कुणी म्हणेल, "अय्या, हा तर मी दिलेला!" त्या क्षणी माझ्या मागे उभी असलेली सिया फोनमध्ये टिपून घेईल. ओटी निघताना भरायची असते. तोवर प्रत्येक पिसाचं नाव परत मिळालेलं असेल.

"आणि पट्टी कापलेले पीस ओटीत द्यायचे? वीतभर कमी?" आईने विचारलं.

"आई, गेल्या वीस वर्षांत यातला एक तरी कुणी शिवला आहे?"

आईने विचार केला.

"नाही."

"मग कमी पडला हे कळणार कुणाला?"

आईने उठून कात्री आणून दिली. मला वाटतं, आमच्या घरात एवढ्या गंभीरपणे मला कुणी काही दिलेलं नाही. डिग्रीसुद्धा पोस्टाने आली होती.

पुढचे दिवस आम्ही आधी कापड शिवलं, मग ते कापलं, आणि मग परत शिवलं. बाबा पट्ट्यांना इस्त्री करत होते. सिया टाचण्या लावत होती आणि दर चौथी टाचणी स्वतःला लावत होती. आई कामावरून येऊन शिवणी तपासायची आणि म्हणायची, "हा टाका मी पेशंटवर चालवून घेतला नसता." पॅटर्नमधल्या बाह्या मी खालून वाढवल्या, कारण माझ्या हातांची मला कल्पना होती, आणि शेवटी मनगटाच्या पट्ट्या चांगल्या रुंद ठेवल्या.

उजव्या मनगटासाठी मी सगळ्यात देखणा तुकडा राखून ठेवला होता. हळदी रंगाचा पीस, हिरवा काठ, आणि काठावर विणलेले पोपट. सगळे पोपट रांगेत, शिस्तीत, एका दिशेला तोंड करून. त्यातला एकच पोपट उलटा होता. डोकं खाली, पाय वर. मागावर कुणाचं तरी लक्ष उडालं असणार. मला तो फार आवडला. सगळे सांगितलेल्या दिशेला बघत असताना एकाने जरा वेगळा विचार केला होता. काठाचा नेमका तोच तुकडा मी कापून घेतला.

शनिवारी शर्ट अंगात घातला. खांदे बसले. आणि बाह्या दोन्ही मनगटांपर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या. मी हात वर केले, खाली केले, पुढे केले. त्या थांबलेल्याच राहिल्या.

"दादा, तू मॅपसारखा दिसते," सिया म्हणाली. पण तिने फोटो काढला, आणि ती कुणाचेही फोटो काढत नाही.

रविवारी गौर झोपाळ्यात बसली. समोर कलिंगडाचं कमळ, भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ. बाहेर एप्रिल होता, म्हणजे हीटिंग चालू होतं, आणि सगळ्या जणी कार्डिगन घालून गार पन्हं पिणार होत्या. बाबांना गॅरेजमध्ये नारळ सोलायला बसवलं होतं.

पहिली बेल वाजली ती अनुराधा मावशीची. ती दारातच थांबून मागे रस्त्याकडे बघत होती.

"सुनीती, तुमच्या गल्लीत एक कुत्रा शर्ट घालून फिरतोय."

"हो, तो केविन."

"अगं कॉलर काय बसलीये त्याची! कुणी शिवला?"

मी हात वर केला. बाही थांबलेलीच राहिली.

"तू?" तिने मला खांद्याला धरून फिरवलं, पाठीची शिवण बघितली, बगलेत बोट घालून बघितलं. "बाही आत ओढत नाहीये कुठे. पॅटर्न कुठला? मी पण पॅटर्नवरूनच शिवते सगळं. मिल्टन कीन्सला दुसरं करायचं काय?"

शर्टाकडे शर्ट म्हणून बघणारी ती पहिली. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण हातात ट्रे होता.

मग बाकीच्या आल्या आणि योजना सुरू झाली. ती इतकी छान चालली, की मला भीती वाटायला हवी होती.

"नकुल, अरे ही जांभळी चौकडी!" केतकी काकू पन्ह्याचा ग्लास घेता घेता थांबल्या. "ही मी दिली होती रे सुनीतीला!"

मागून सियाच्या फोनचा टक असा आवाज आला.

"अगं बाई, आणि हा मोतिया माझा," हाउन्सलोच्या पल्लवी काकू म्हणाल्या. "पाठीवर घेतलायस? बघू. शोभतोय की! सुनीती, शिवलास तू? खरंच कुणीतरी शिवलं गं!"

टक.

मला अंदाज होता, की त्या ओळखतील. त्या खूश होतील, हे मात्र मी योजनेत धरलं नव्हतं. आपण दिलेल्या कापडाचं पुढे काही झालेलं त्यांच्यापैकी एकीनेही कधी पाहिलं नव्हतं. त्या मला फिरवून फिरवून आपापला तुकडा शोधत होत्या, एकमेकींना दाखवत होत्या, फोटो काढत होत्या. "माझा खिशावर आहे." "माझा कॉलरला, म्हणजे वर." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर ऑपरेशन व्यवस्थित चालू असताना जो भाव असतो, तो होता.

तेवढ्यात सुचेता काकूंनी माझं उजवं मनगट धरलं.

सुचेता काकू आवाज चढवत नाहीत. त्यांना कधी गरज पडलेली नाही.

"हा पोपट," त्या म्हणाल्या. "हा उलटा पोपट. हा मी दिला होता तुझ्या आईला. गेल्या वर्षी."

टक.

"अहो, नाही हो," केतकी काकू लगेच म्हणाल्या. "हा मीच दिला होता. उलट्या पोपटाचा तोच. मी..." आणि त्या थांबल्या.

"कुणाला दिला होतास, केतकी?" सुचेता काकूंनी विचारलं.

केतकी काकूंनी ग्लासात बघितलं. पन्हं संपलं होतं.

"तुम्हाला."

"मला."

"पण केतकी, तो तर मी तुला दिला होता ना?" पल्लवी काकू म्हणाल्या. त्या बोलून गेल्या आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला, म्हणजे जरा उशिरा.

सिया दोन्ही अंगठ्यांनी टाइप करत होती आणि तो आवाज फार मोठा वाटत होता. आईने डोळ्यांनी तिला थांब म्हटलं. सिया म्हणाली, "वेट, पल्लवी काकू, मग तुम्हाला कोणी दिला?"

पल्लवी काकूंनी तोंडावरचा हात काढला नाही. त्यांनी दुसऱ्या हाताने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं.

आई पुढे आली.

"मी दिला होता," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. रोज हजारदा वापरून तयार झालेला आवाज. "पल्लवीला मीच दिला. म्हणजे माझाच पीस मला परत आला, आणि मी त्याला सुचेताचं नाव लावून ठेवला. मी ओळखलासुद्धा नाही. आणि सुचेता, आज मी तो तुला देणार होते की काय, हे पण मला माहीत नव्हतं, कारण नकुलने सगळ्या चिठ्ठ्या काढून ठेवल्या."

"वर्णानुक्रमे," मी म्हणालो.

"चिठ्ठ्या?" सुचेता काकूंनी विचारलं. "तू पण चिठ्ठ्या लावतेस?"

"पण म्हणजे?"

"मी स्टेपल करते," सुचेता काकू म्हणाल्या.

"मी कोपऱ्यात पेन्सिलने लिहिते," केतकी काकू म्हणाल्या.

"मी नकुलसारखी गोंधळते म्हणून फोटो काढून ठेवते," पल्लवी काकू हाताआडून म्हणाल्या.

आणि मग एक आवाज आला. सोफ्याच्या टोकाला अनुराधा मावशी हसत होती. आधी आवाज न करता, मग करून, मग डोळे पुसत. हातातली हरभऱ्याची वाटी तिने बाजूला ठेवली, कारण हरभरे उडायला लागले होते.

"म्हणजे सगळ्याच!" ती म्हणाली. "अगं, मी मिल्टन कीन्सला जाऊन राहिले! तिकडे थिएटरमध्ये माझ्याशी मराठी बोलायला कुणी नाही. मी पेशंटशी बोलते, ते झोपल्यावर!"

"तू नोकरीसाठी गेली होतीस ना?" सुचेता काकूंनी विचारलं.

"तू त्या दिवशी म्हणालीस, किती ओळखीचा वाटतोय. मी आठवडाभर जेवले नाही, सुचेता."

"अगं, पण तो खरंच ओळखीचा वाटत होता!" सुचेता काकू म्हणाल्या. "मला आठवतच नव्हतं कुठे पाहिला ते! मी विचारत होते तुला!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सुचेता काकू हसल्या. त्यांना हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. त्या हसतात तेव्हा खांदे हलतात आणि आवाज येत नाही. बाकीच्यांनी त्यांच्या खांद्यांकडे बघितलं आणि मग सगळ्यांनाच परवानगी मिळाली.

हसणं जरा ओसरल्यावर पल्लवी काकूंनी विचारलं, "पण सुनीती, तुला तरी तो पोपट कुणी दिला होता?"

आई आठवत होती. अनुराधा मावशीने डोळे पुसत हात वर केला.

"मी. इचलकरंजीच्या बाजारात मी स्वतः घेतला होता. तो उलटा पोपट बघूनच घेतला, शिवायचा म्हणून. मग सुनीतीकडे बोलावणं आलं, घरात दुसरा पीस नव्हता. म्हटलं, देऊ या, परत मिळेल तसा दुसरा." ती माझ्या मनगटाकडे बघत होती. "नाही मिळाला. अजून बघते मी, इंडियाला गेले की. सगळे पोपट सरळ."

ओटी भरायची वेळ झाली. सियाने फोन पुढे केला. तिच्या नोंदी बघितल्या तर प्रत्येक पीस किमान दोघींचा होता आणि एक पाच जणींचा. आईने फोन उलटा करून ठेवला. उरलेले सगळे पीस तिने सोफ्यावर पसरले आणि म्हणाली, "घ्या गं, जिला जो आवडेल तो. आणि शिवा."

"स्वतःचा घेतला तर?" केतकी काकूंनी विचारलं.

"तर तो तुझाच आहे."

पण हळदी पीस तिने पसरला नव्हता. तो तिने हातात ठेवला होता. तिने अनुराधा मावशीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, नारळ, तांदूळ, हरभरे ओटीत घातले, आणि वर तो हळदी पीस ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांच्या समोर, जिचा तिला.

"किती ओळखीचा वाटतोय," अनुराधा मावशी म्हणाली. सुचेता काकूंचे खांदे पुन्हा हलले.

मग तिने तो उलगडला. शिवणारं माणूस कापड हातात घेतं ते वेगळं असतं. तिने बोटांनी वीत वीत मोजत शेवटपर्यंत नेलं, आणि काठाजवळ येऊन थांबली. मला जे कुणाला कळणार नाही असं वाटलं होतं, ते तिला कळलं होतं. आमच्या ओळखीत ब्लाउज पीस शिवणारं एकच माणूस होतं आणि मी नेमका त्याचाच कापला होता.

"सुनीती, हा कमी आहे."

आई माझ्याकडे बघत होती. सगळ्याच माझ्याकडे बघत होत्या. मी माझ्या उजव्या मनगटाकडे बघत होतो. बाही तिथे थांबली होती, कधी नव्हे ती, अगदी जिथे थांबायला हवी तिथे. पोपट डोकं खाली करून माझ्याकडे बघत होता.

"राहू दे रे," अनुराधा मावशी म्हणाली. "मी बिनबाह्यांचा शिवेन. तुला शोभतोय."

तिने असं म्हटलं नसतं, तर मी कदाचित राहू दिला असता.

मी पॉलीनच्या मशीनच्या डब्यातलं उसवायचं हत्यार आणलं आणि तिच्या शेजारी सोफ्यावर बसलो. तिने माझं मनगट मांडीवर घेतलं आणि स्वतःच टाके उसवायला घेतले, शर्ट अंगात असतानाच. आई आमच्यावर वाकून म्हणाली, "भूल देऊ का?" पोपट सुटून अनुराधा मावशीच्या तळहातावर आला. तिने तो सरळ धरून बघितला, मग फिरवून उलटा धरला, आणि मान डोलावली.

गेल्या आठवड्यात तिने फोटो पाठवला. हळदी ब्लाउज, हिरवा काठ, आणि तो उलटा पोपट नेमका पाठीच्या मधोमध, जिथे सगळ्यांना दिसेल. जोडाची शिवण मला तरी सापडली नाही. दर दुसऱ्या शनिवारी ती आता पिनरला येते. केतकी काकू आणि पल्लवी काकू आपापल्या पलंगाखालच्या बॅगा घेऊन येतात, सुचेता काकू आपल्या पिसांचे स्टेपल काढत बसतात, बाबा पॅटर्न पूर्ण आकारात प्रिंट करून आणतात आणि जाता-येता झाडाची माफी मागतात. सगळ्यांच्या ह्यांना शर्ट होणार आहेत. ह्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.

माझा शर्ट मी ऑफिसला घालून जातो. डावी बाही मनगटापर्यंत येते. उजवी चार बोटं अलीकडे थांबते. अनुराधा मावशी म्हणाली होती, दुसरं काहीतरी लावून देते. मी नको म्हटलं. लोकांना भेटलो, की मी डावा हात पुढे करतो. उजवा मी केविनच्या पंजासाठी ठेवलाय.